अर्ध्या दिवसाचं काम

हुपरीत भरदुपारी रिकाम्या हातानं बसलेली बाई दिसली, तर शेजारीण आधी तब्येतीची चौकशी करते. हातकणंगले तालुक्यातलं हे चांदीचं गाव. इथलं काम कारखान्यात होतं तसं घराघरांतही होतं. व्यापाऱ्याकडून चांदी येते, तिचे पैंजण, वाळे, जोडवी, करदोटे होऊन वजनानं परत जातात. मध्ये उभे असतात धडी कारखानदार. चांदी उचलून माल घडवून देणाऱ्या छोट्या उत्पादकांना इथं हेच नाव आहे. त्यांच्या हाताखाली कड्या जोडणाऱ्या आणि घुंगरू लावणाऱ्या बाया. आसपासच्या रेंदाळ, इंगळी, पट्टणकोडोलीपर्यंत हीच रीत.

अशा गावात एखादी म्हणाली की मला घुंगरू नको, कॉम्प्युटरवरचं अर्धवेळ काम हवं, तर घरात वाद होणारच. खालच्या दोघी जावा मी कल्पिलेल्या आहेत, त्यांचा वाद मात्र कल्पित नाही. थोरली पन्नाशीतली, नववी शिकलेली, घरच्या चांदीच्या धंद्याचा निम्मा भार उचलणारी. धाकटी सदतीस वर्षांची, बी.कॉम., एमएस-सीआयटी झालेली, मराठी टायपिंगची तीसची परीक्षा पास. एक्सेलमध्ये याद्या आणि बेरजा, मेल, गुगल फॉर्म, दुकानाचं व्हॉट्सअॅप, एवढं तिला जमतं. वेबसाइट बनवता येत नाही. टॅली पाहिलेली आहे, चालवलेली नाही. पोरं शाळेत असतात तेवढे दुपारचे चार तास तिचे.

अशा बायका तालुक्या-तालुक्यांत आहेत. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर कोर्स काढणारी एमकेसीएल 2001 मध्ये उभी राहिली आणि पुढं त्या कोर्सचं नाव गावागावांत पोचलं. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागतं म्हणून लाखोंनी ते घेतलं. नोकरी थोड्यांना लागली, बाकीच्यांची प्रमाणपत्रं रेशनकार्डासोबत पिशवीत राहिली.

थोरली: चार तास हायत म्हणतीस, तर घुंगरं घे की. गल्लीतल्या सगळ्या घेत्यात. चांदी घरात येती, माल घरातनं जातो. मजुरी वजनावर. लबाडीला जागा न्हाई.

धाकटी: वजनावर आहे, हीच तर गोम आहे आक्का. चांदी महाग झाली की गिऱ्हाईक हलकं पैंजण मागतं. मग एका किलोत पूर्वीपेक्षा जास्त जोड बसतात. जोड जास्त म्हणजे कड्या जास्त, घुंगरं जास्त, आणि वजन तेवढंच. मजुरी वाढली म्हणायची का घटली?

थोरली: घटलीच. पण ती किती घटली ते मला कळतं. सकाळी काट्यावर घातलं, संध्याकाळी काट्यावर घातलं. तुझं ते कॉम्प्युटरचं काम कुठल्या काट्यावर घालायचं?

धाकटी: आणि वजनात घट आली तर ती कोणाच्या मजुरीतून जाते?

थोरली: बाईच्याच. ते न्हाई म्हणत न्हाई मी. पण मग मोबाइलवर ते येतंय ते तरी कर. परवा मला कुणीतरी पाठवलंय बघ. घरबसल्या टायपिंग, दिवसाला दोन हजार. तुला तर टायपिंग येतंय.

इथं वाचकाचा अंदाज चुकेल. इंटरनेटच्या कामाला भुलणारी धाकटीच असणार, असं वाटतं. पण ज्याला थोडंफार येतं तो या जाहिरातींपासून जरा लांब राहतो. ज्याला काहीच येत नाही त्याला कॉम्प्युटर ही पैसे देणारी पेटी वाटते.

धाकटी: त्यात आधी आपल्याकडूनच पैसे मागतात आक्का. नोंदणीचे, नाहीतर सॉफ्टवेअरचे. मग एक करार पाठवतात, त्यावर मोबाइलवरच सही. शेकडो पानं टाइप करायला देतात, तीही मुद्दाम पुसट, आणि आठवड्याची मुदत. काम पुरं करून पाठवलं की म्हणतात, चुका फार आहेत, पैसे मिळणार नाहीत, उलट करार मोडल्याचा दंड भरा. वर वकिलाच्या नावानं नोटीस. बाई घाबरते, नवऱ्याला सांगत नाही, दंड भरून मोकळी होते.

थोरली: आणि ते दुसरं? व्हिडिओला लाइक करायचं, दीडशे रुपये लगेच येत्यात म्हणं.

धाकटी: पहिले दीडशे येतात. दुसऱ्या दिवशी हजार भरा, तेराशे मिळतील, असं सांगतात. तेही मिळतात. मग पन्नास हजार भरायला लावतात, आणि तिथं सगळं थांबतं. त्याहून वाईट म्हणजे तुमचं खातं वापरायला द्या, आलेले पैसे पुढं पाठवा, कमिशन ठेवा, असं सांगणारे. ते पैसे दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले असतात. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावं. जितक्या लवकर कळवलं जाईल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. धाकटी हे सांगायची राहिली, म्हणून मी मधे बोललो. आणखी एक गोष्ट. नुसतं बघून टाइप करणं हा धंदाच आता आटत चाललाय. छापील पानावरचा मजकूर यंत्र वाचतं, पावतीवरचे आकडेही उचलतं. मग दिवसाला दोन हजार देऊन हुपरीच्या बाईकडून पुसट पानं टाइप करून कोण घेईल? लांबच्या अनोळखी माणसाला तुमच्या टायपिंगची गरज उरलेली नाही. गरज कोणाला असलीच तर ती जवळच्या, ओळखीच्या माणसाला असेल.

थोरली: मग जवळ काय हाय ते तरी सांग. आमच्या वेळी शिकलेल्या पोराला दूध संस्थेत नाहीतर पतसंस्थेत चिकटवायचे.

धाकटी: दूध संस्थेचं काम अर्धवेळच आहे, पण पहाटे आणि संध्याकाळी. नेमक्या त्याच वेळी घरी डबे आणि स्वयंपाक. शिवाय काटा, फॅटचं मशीन, पावती, सगळं आता एकमेकांना जोडलेलं. दर दहा दिवसांचं बिल मशीनच काढतं. पतसंस्थेला दिवसभराचा माणूस लागतो. साखर कारखान्याच्या हंगामात स्लिप बॉय घेतात, पण त्यांनी उसाच्या फडात फिरायचं असतं.

कोल्हापूर जिल्ह्यात गोकुळ दूध संघाची स्थापना 1963 ची. गावोगावच्या दूध संस्थांनी सेक्रेटरी नावाची जी जागा तयार केली, ती खरं तर या भागातली अर्धवेळ कारकुनीच म्हणायला हवी. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, मधे शेती. पुरुषाच्या दिवसात ती चपखल बसली. बाईच्या दिवसात कुठलं काम बसेल, याचा विचार करून कोणी जागा काढली नाही. ती तिची तिनं शोधायची.

थोरली: ते फॉर्म भरायचं सेंटर हाय की. लाडकी बहीणच्या वेळी केवढी रांग. पैसा मिळवला त्यांनी.

धाकटी: मिळवला, पण दोन महिने. 2024 च्या जुलैत रांग होती, दिवाळीत तीच खुर्ची रिकामी. जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश आले की उत्पन्नाचा दाखला, जातीचा, नॉन-क्रिमीलेअर, तेव्हा पुन्हा गर्दी. पीक विम्याचंही तसंच.

धाकटीच्या बोलण्यात अर्थकारण दडलंय, ते जरा उलगडतो. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरल्याबद्दल अंगणवाडी सेविकांना सरकारनं पात्र अर्जामागे 50 रुपये देऊ केले होते. एक रुपयात पीक विमा असताना केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळायचे, शेतकऱ्याकडून फक्त तो एक रुपया घ्यायचा. एक रुपयाची ती सोय 2025 मध्ये बंद झाली. म्हणजे या कामाचा दर वर सरकारात ठरतो आणि तिथंच मोडतो. केंद्राचा मालक हे सोसतो, कारण त्याच्याकडं झेरॉक्स, फोटो, रिचार्ज अशी चार कामं असतात. त्याच्याकडं हंगामापुरती बसणारी मदतनीस मात्र गर्दी ओसरली की पहिली सुटते. आणि बसते ती मालकाच्या लॉगिनवर. नाव त्याचं, बोटं हिची. चुकीचा दाखला गेला तर आधी कोणाला ओरडा बसेल, ते सांगायला नको.

तरी मी ते काम वाया गेलेलं मानणार नाही. एका हंगामात माणूस सरकारी पोर्टल कसं अडतं, कागद किती केबीचा लागतो, नावातला एक काना चुकला की अर्ज का परत येतो, हे शिकतो. कॉम्प्युटर क्लासमध्ये यातलं काही शिकवत नाहीत.

थोरली: म्हणजे तिथंबी न्हाई. शाळेत बघ की मग.

धाकटी: शाळेत काम ढीगभर आहे, जागा नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत क्लार्कच नसतो. यूडायस आणि पोरांची बाकीची ऑनलाइन माहिती मास्तरच भरतात, तेही रात्री घरी बसून. खाजगी शाळा ठेवतात एखादी, पण सकाळी आठ ते दुपारी चार. पगार अर्धा आणि वेळ पूर्ण, याला अर्धवेळ म्हणत नाहीत.

थोरली: अगं मग राहिलं काय?

धाकटी: चांदी.

थोरली: आता आलीस माझ्या वाटेवर.

धाकटी: तुमच्या वाटेवर नाही. चांदीच्या कागदांवर.

आता मुद्द्याचं. 2020 च्या सुरुवातीला चांदी किलोला पन्नास हजारांच्या आत होती. 2025 मध्ये ती लाखावर गेली आणि डिसेंबरात दोन लाखांच्या पुढं. या वाढीचं वजन गल्लीतल्या कागदांवर कसं पडलं, ते पाहण्यासारखं आहे. जीएसटीत नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. मजुरीचं कामही करत असेल तर ही मर्यादा 20 लाख. पन्नास हजारांच्या भावात 40 लाख व्हायला वर्षाला 80 किलो माल विकावा लागे. दोन लाखांच्या भावात 20 किलोलाच 40 लाख होतात. आणि थोडा स्वतःचा माल, थोडी मजुरी, असं दोन्ही करणाऱ्याची 20 लाखांची रेघ 10 किलोच्या आसपासच ओलांडली जाते. शिवाय निपाणी जवळ असली तरी ती कर्नाटकात. तिथल्या व्यापाऱ्याला माल विकला की तो दुसऱ्या राज्यातला व्यवहार झाला, मग उलाढाल कितीही असो, नोंदणी आलीच. माणूस तोच, भट्टी तीच, माल पूर्वीपेक्षा कमीच, आणि तरी तो कराच्या कागदात शिरला. चांदीनं घुंगरू लावणाऱ्या बाईची मजुरी हलकी केली, आणि त्याच घरात हिशेबाचं काम निर्माण केलं. ते काम आज कोण करतं? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. बिलं पिशवीत साठतात आणि शेवटच्या तारखेला पिशवी कर सल्लागाराच्या टेबलावर जाऊन पडते.

थोरली: आमची बी तशीच जाती. सल्लागार चिडतोय, पण करतोय.

धाकटी: तो चिडतो, म्हणूनच तिथं जागा आहे. पाच कोटींच्या आतले बरेच जण तिमाही पद्धतीनं विवरण भरतात. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत विक्रीची बिलं, आणि 22 तारखेपर्यंत कराचा हिशेब. म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. त्या वीस-बावीस दिवसांत त्याच्याकडं शंभर पिशव्या येतात. त्याला तेव्हा आणखी एक सल्लागार नको असतो. बिलं तारखेनं लावणारं, जीएसटी नंबरातला आकडा तपासणारं, दागिन्याचे 3 टक्के कुठले आणि मजुरीचे 5 टक्के कुठले हे वेगळं करून ठेवणारं कोणीतरी हवं असतं. त्याला वेबसाइट यावी लागत नाही. टॅली महिन्याभरात जमते.

थोरली: आणि बाकीचे आठ महिने तू काय करणार?

हा प्रश्न धाकटीला अडवणारा आहे, आणि मला तो या सगळ्या संवादातला सर्वांत व्यवहारी वाटतो. अर्धवेळ कामाचं खरं दुखणं वेळेत नसतं, ते खंडात असतं. चार महिने ओढाताण, आठ महिने शांतता. चांदीच्या धंद्यातही लग्नसराई आणि मंदी असतेच. थोरलीला ते अंगवळणी पडलंय. धाकटीला पगार दर महिन्याला हवा आहे.

धाकटी: मधल्या महिन्यांत बिलं थांबतात का? व्यापारी दर महिन्याला विचारतो, माझं बिल पोर्टलवर दिसत नाही, मला कराची वजावट मिळेना. आणि तो तुमचं पेमेंट धरून ठेवतो. तिमाहीवाल्यालाही मधल्या दोन महिन्यांत 13 तारखेपर्यंत बिलं चढवता येतात. ती चढवली तर पैसे अडकत नाहीत. हे काम दर महिन्याचं आहे. कोणी करत नाही म्हणून ते दिसत नाही.

थोरली: हम्म. आमचं गेल्या खेपेचं एकानं असंच धरून ठेवलंय.

धाकटी: आणि फोटो. आता सॅम्पल घेऊन गाडीत बसायच्या आधी व्यापारी म्हणतो, डिझाइन पाठवा. तुम्ही काय पाठवता? चटईवर टाकून काढलेला फोटो, वर ट्यूबलाइटची चमक, वजन नाही, टंच नाही, नंबर नाही. पंधरा दिवसांनी तो म्हणतो, ते मागचं दुसरं पाठवा, आणि सगळं घर मोबाइलमध्ये शोधत बसतं. आग्रा, राजकोट, सेलमही पैंजणच विकतात. त्यांची यादी नंबरवार आली आणि आपला नुसता फोटो गेला, तर आपल्याला कोण थांबून विचारेल?

थोरली: मालात आपण कमी न्हाई.

धाकटी: मालात नाही. यादीत कमी आहोत. आणि आता तर हॉलमार्कही येतोय.

1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांवरही सोन्यासारखा एचयूआयडी क्रमांक असलेला हॉलमार्क सुरू झाला. तो अजून ऐच्छिक आहे. क्रमांक सहा अक्षर-अंकांचा. गिऱ्हाईक बीआयएस केअर हे अॅप उघडून तो तपासू शकतो. सोन्याच्या बाबतीत ऐच्छिक ते सक्तीचं हा प्रवास आपण पाहिला आहे. चांदीचं काय होईल याचं भाकीत मी करणार नाही. पण मोठा व्यापारी हॉलमार्कचा माल मागू लागला, तर प्रत्येक जोडाचा नंबर, वजन आणि शुद्धता कुठंतरी नोंदवावी लागेल. ही नोंद करायला अभियंता लागत नाही. रोज दोन तास नीट बसणारा माणूस लागतो. धाकटीला जे येतं, तेवढ्यातच ते भागतं.

इथवर धाकटीची बाजू वर आहे, आणि मला ती पटतेही. पण थोरलीकडं एक पत्ता राहिला होता.

थोरली: समजा असं काम हाय. तुला देणार कोण? तू जाऊन सल्लागाराला म्हणणार, मला एमएस-सीआयटी येतंय. तो म्हणणार, बस. तुला कोण ओळखतंय? या गावात दहा किलो चांदी नुसत्या शब्दावर उचलून देत्यात. कागद न्हाई, पावती न्हाई. का? तर घर माहिती हाय. माझ्या सासऱ्याचं नाव सांगून मी आजबी चांदी आणू शकते. तुझं सर्टिफिकेट कुणी विचारायचं न्हाई बघ. तू कुणाची ते विचारतील.

धाकटी: ते तर माझ्या बाजूचंच झालं.

थोरली: न्हाई. ते तुझ्या अंगावर येणार. ओळखीचं काम म्हंजे फुकटचं काम. घरातलीच पोरगी हाय, जरा बघ की. जाता जाता एक बिल चढव की. दोन मिनिटांचं तर काम. वर्षभर दोन-दोन मिनिटं करशील, आणि दिवाळीला साडी देतील.

हे ऐकून धाकटी गप्प झाली असती, तर मी तिला दोष दिला नसता. हुपरीत चांदी काट्यावर न चढता उंबरा ओलांडत नाही. ग्रॅमचा हिशेब करणारं हे गाव कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईचा तास मात्र मोजत नाही, कारण त्या कामाला वजन दिसत नाही. थोरलीचा सुरुवातीचा प्रश्न, कुठल्या काट्यावर घालायचं, तो टोमणा होता. पण खरा प्रश्न तोच निघाला.

धाकटी: मग काटा आपणच आणायचा. महिन्याला किती बिलं, किती फोटो, किती नोंदी, कुठल्या तारखेआधी, हे आधी वहीवर लिहायचं. बिलं आठवड्याला यायची. रात्री नवाला फोटो आला तर तो उद्याच्या कामात. आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार नाही, सही मी करणार नाही, पैसे माझ्या खात्यातून फिरणार नाहीत.

थोरली: आणि दर? घुंगराचा दर गावाला माहिती हाय. ह्याचा कुणाला माहिती?

धाकटी: कोणालाच नाही, म्हणून मी रोजगार हमीपासून सुरू केलं. 2025-26 ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 8,112. अर्ध्या दिवसाचे चार हजार छप्पन. बी.कॉम.च्या बाईनं चर खणणाऱ्यापेक्षा खाली जायचं नाही, एवढंच म्हणते.

थोरली: सरकारचंच बघायचं तर ते शिकाऊ पोरांना दहा हजार देत होतं की.

धाकटी: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण. पदवीधराला दहा हजार, पण वय 35 पर्यंत. मी दोन वर्षांनी चुकले. तरी त्याच्या निम्मे पाच होतात. म्हणजे चार आणि पाचच्या मधे कुठंतरी.

पस्तिशीची ती रेघ कोणी कशी ठरवली, ते ठरवणाऱ्यांना माहीत. पोरं शाळेत जाऊ लागली की बाईच्या हातात चार तास येतात, आणि तोवर तिची पस्तिशी उलटलेली असते.

थोरली: बरं. पहिलं घर कुठलं धरणार? पहिलं काम दाखवल्याशिवाय दुसरं मिळत न्हाई. ते घुंगराचंबी तसंच.

धाकटी: तुमचं.

थोरली: माझं कुठलं?

धाकटी: फर्म कोणाच्या नावावर आहे आक्का?

थोरली: माझ्या. ह्यांनी केली तेव्हा. बाईच्या नावावर बरं पडतंय म्हणून.

धाकटी: जीएसटीचं पोर्टल तुम्ही कधी उघडून बघितलंय?

थोरली: मला काय कळतंय त्यातलं.

धाकटी: पासवर्ड कोणाकडं आहे?

थोरली: सल्लागाराकडं. आणि ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर येतोय.

धाकटी: म्हणजे फर्म तुमची, सही तुमची, पाटी तुमच्या नावाची. नोटीस आली तर तुमच्या नावानं येणार. आणि तुमच्या नावावर काय विकलं गेलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही माझ्या प्रमाणपत्राला हसलात.

थोरली: हसले न्हाई मी.

धाकटी: थोडं हसलात.

थोरली थोडी हसली होती, मीच ते लिहिलं नाही. पण आता तिची बाजू अवघड आहे. बाईच्या नावावर फर्म आणि बाईच्या हातात काहीच नाही, ही व्यवस्था काही हुपरीनंच शोधलेली नाही. शेताच्या सातबाऱ्यापासून गॅस एजन्सीपर्यंत ती सगळीकडं आढळते. नावावर असणं आणि हातात असणं यांतलं अंतर कमी करायला जी बाई बसेल, तिला बाहेर कुठंही अर्धवेळ काम शोधायला जावं लागणार नाही. गल्लीत अशा फर्म कितीतरी निघतील. पण घरातलं काम घरातल्या बाईनं करायचं आणि त्याचे पैसे मागायचे, हे ऐकून घरात काय होतं, ते पुढं बघा.

थोरली: म्हंजे मी तुला पगार द्यायचा? एका चुलीवर जेवतोय आपण.

धाकटी: घुंगरं जोडणारी शेजारीण तुमची चुलतमामी लागते. तिला मजुरी देताच ना?

थोरली: ते वेगळं. ते चांदीचं काम.

धाकटी: आणि हे?

थोरली: हे... हे पण चांदीचंच म्हणायचं. पण ह्यांना काय सांगू? जाऊबाईला महिन्याला चार हजार?

धाकटी: सांगा की त्या व्यापाऱ्याचं अडकलेलं पेमेंट बिल चढवलं की सुटेल. ते किती आहे?

थोरली: (आकडा सांगते. तो चार हजारांपेक्षा बराच मोठा आहे.)

धाकटी: मग मला विचारताय कशाला.

थोरली: विचारत न्हाई, हिशेब करतीय. अडीच देईन. पहिलं सहा महिनं.

धाकटी: अडीचला घुंगरं घेते मी. कुठल्या काट्यावर घालायचं ते तरी माहीत आहे.

थोरली: तीन. आणि ह्यांना मी सांगते. पासवर्ड सल्लागाराकडनं तूच माग, मला ते बोलायला जमायचं न्हाई.

धाकटी: पासवर्ड फर्मच्या मालकानं मागायचा. मी सोबत येते. आणि ओटीपीसाठी पोर्टलवर तुमचा नंबर लावून घ्यायचा.

थोरली: माझा? मला तो वाचता येतोय का बघायला लागंल.

धाकटी: सहा आकडे तर असतात. काट्यावरचे वाचताच की.

थोरली: बरं, सव्वातीन.

धाकटी: साडेतीन, आणि बिलं दर शनिवारी. तिमाही संपल्यावर पिशवी आणून टाकायची नाही.

थोरली: ह्या खेपेची तर पिशवी भरलीय.

धाकटी: मग तिचा दर वेगळा. ते मागं साठलेलं काम आहे.